वेदीच्या कापडावरचा डाग

३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं गुडघ्याचं रडगाणं पोचलं. आता माझं ऐक. एकवीस वर्षं आमच्या चर्चमधलं वेदीचं कापड मी धुते आहे. पहिलं पाणी गटारात नाही, गुलाबाच्या मुळाशी. इस्त्री उलट्या बाजूने, घड्या तीनच. शाळेत सिस्टरांनी नखं तपासून शिकवलेलं काम! आता माझी बोटं थरथरतात म्हणून फादरनी मदतीला बाई नेमली आहे. कोण, तर इस्पितळाच्या शवागारात मृतांना अंघोळ घालणारी. मी फादरना तोंडावर विचारलं, की तेच हात वेदीच्या कापडाला लागणार का? तर म्हणे, प्रभूचं शरीरही कुणीतरी हातांनीच कापडात गुंडाळलं होतं. मला काही पटलं नाही.

आणि आठवड्याच्या आत कापडावर तळहाताएवढा जळका डाग! सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी. आता तूच काय ते समज.

गुडघा शेकत जा. माझ्यावरचा लोभ निवू देऊ नकोस.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

गुडघा शेकते आहे. आमचे हे म्हणतात, की तीस वर्षं प्रयोगशाळेत काचेची भांडी उकळून ताईंना जंतू तेवढे दिसतात, माणसं दिसत नाहीत. मी असं मुळीच म्हणत नाही. नुसती हसले.

एक विचारू? रविवारी ख्रिस्तप्रसाद घेतल्याचं तू दर पत्रात लिहितेस. या खेपेला त्याबद्दल एक अक्षर नाही.

आणि बाबा आठवतात? ते गेले तेव्हा त्यांना हात लावायचा धीर आपल्या दोघींनाही झाला नाही. त्याच इस्पितळाच्या शवागारातून बाहेर आणले तेव्हा भांग अगदी नेहमीसारखा, उजवीकडे पाडलेला. कुणी पाडला, हे आपण विचारलंसुद्धा नाही.

जास्त बोलले असेन तर पोटात घाल, आणि लोभ पूर्वीइतकाच राहू दे.
तुझी धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या नाकाला काय म्हणावं! लहानपणी चोरलेली साखरही तुलाच सापडायची. घे, ऐक. तो डाग माझा होता. हात थरथरला, इस्त्री टेकली, मी कापड घडी करून ठेवून दिलं. फादरनी विचारलं तेव्हा गप्प राहिले. नंतरचे तीन रविवार सगळे ख्रिस्तप्रसादाला वेदीपाशी जात आणि मी बाकावर पायात गोळे आल्याचं नाटक करत बसे. आधी समेट कर, मग वेदीपाशी ये, हे मीच मुलांना शिकवत आले ना?

तुझं पत्र आलं, त्याच्या पुढच्याच रविवारी वेदीवर तेच कापड दिसलं. जळकी जागा पांढऱ्या दोऱ्याने इतकी बारीक रफू केलेली, की शोधावी लागली. मी मिस्साची प्रार्थना संपताच सगळ्यांसमोर फादरना खरं सांगितलं, आणि मग रफू करणाऱ्या त्या बाईच्या खोलीवर गेले. एवढीशी खोली, पण माझ्या घरापेक्षा लख्ख. तिने सांगितलं, की इस्त्रीच्या टोकाची दिशा बघून डाग डावखुऱ्या हाताचा, म्हणजे माझाच, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग बोलली का नाही? तर म्हणे, तिच्या कामात दिसेल ते पाहायचं, झाकायचं आणि बाहेर सांगायचं नाही. मला रडू आवरेना.

बाबांचंही विचारलं. तिला आठवत नाही, इतकी माणसं हातून गेली. पण ती प्रत्येकाच्या ओळखपत्रावरचा फोटो बघूनच भांग पाडते. तरी मी आपल्या दोघींच्या वतीने तिचे आभार मानले. फार उशिरा का होईना, मानले.

परवाच्या रविवारी तिच्या शेजारी उभी राहून ख्रिस्तप्रसाद घेतला. आता ती धुते, मी पाणी गुलाबाला घालते. माझी वेळ येईल तेव्हा मला तिनेच अंघोळ घालायची, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. ती म्हणाली, घालेन, पण तोवर इस्त्रीला हात लावायचा नाही.

देवाची कृपा, आणि तुझ्या नाकाची. लोभ आहेच, तो असाच टोचत राहो.
तुझी ताई