कोठीतली सेनापती

९ नोव्हेंबर, रविवार
माही नात रेणू भंडाऱ्याले कॉलेजात शिकते. ते मोबाइलवर सिनेमा काढून राहिली. आभाळातून दुश्मन येते, म्हणून पोरापोरींले लढाईची ट्रेनिंग देतात, अशी स्टोरी. ट्रेनिंग देणारी सेनापती कोण? मी! रेणू म्हणे, छोटासा रोल आहे आजी. सेनापतीचा रोल छोटा कसा राहील बाई? चौथी शिकली असली तरी एवढं मले समजते.
लगेच लाखांदूरले नणंदेले, शकुनबाईले, फोन लावला. आपल्या गावच्या मंडईच्या जत्रेले सगळे या, रातच्या नाटकाच्या आधी पडद्यावर मले पाहा. शकुन म्हणे, वैनी, पडदा फाटला तर? मी रागावली नाही. फोन तेवढा कापला.

११ नोव्हेंबर
शूटिंग. पोरं धानाच्या बांधीतल्या चिखलात सरपटली. मी भाषण दिलं, मंग एक पद म्हटलं. रेणू मधातच कट, कट ओरडे. आपल्याकडच्या नाटकात पद अर्ध्यावर सोडलं तर लोक खुर्च्या फेकतात, मी कायले थांबू? वन्समोर कोणी दिला नाही, तरी दोनदा म्हटलं. रेणू डोकं धरून बसली. भारावली असन.
संकल्प: उद्यापासून रेणूचं ऐकीन.

१२ नोव्हेंबर, सकाळी १०
सिनेमातलं रॉकेट म्हणजे आपली धान ठेवाची टिनाची कोठी. नवीन धान अजून घरी याचं आहे, सध्या रिकामी. रेणूनं चांदीचा रंग मारला. आत तिची मैत्रीण रिता बसणार होती, काडीसारखी पोरगी. मी म्हटलं, सरक. लग्न होऊन आली तईपासून दरसाल आत उतरून कोठी मीच झाडली. उतरली वरच्या तोंडातून. सोपं.

११.३०
आतूनच लिहून राहिली. वही कंबरेले खोचली होती. फसली नाही. बसली आहे.
दोनदा निघून पाहिलं. खांदे निघाले, बाकीची मी निघाली नाही. थंडीनं कोठीचं तोंड आखडलं.

१ वाजता
धान काढाच्या खालच्या तोंडातून सून मंदानं चहा सरकवला. म्हणे, आई, वीस वर्षं झाली, कोठी मी झाडून राहिली ना! हे सांगाची वेळ होती काय? कोंडा नाकात जाते. बाहेर गाव जमलं. कोणी म्हणे, बुढी रॉकेटात अडकली. मी आतून ओरडली, रिहर्सल चालू आहे!

४.३०
लेक अमर वरठीच्या कारखान्यातून ड्यूटी करून आला, पत्रा कापाचं कटर घेऊन. म्हणे, आई, डोळ्यावर पदर घे अन् हालू नोको. वही ठेवते.

१६ नोव्हेंबर, मंडई
पांढऱ्या चादरीवर सिनेमा. शकुन पहिल्या खुर्चीत. माहं भाषण नाही, पद नाही. सेनापती रिता! शेवटी ठिणग्या उडाल्या, रॉकेट फाटलं, अन् आतून मी. अंगभर कोंडा, तोंडावर पदर, माय वं माय वं करत. त्या दिवशी रेणूचा मोबाइल चालूच होता, अन् पोरं मले सावराले धावली होती. पडद्यावर ती दुश्मनले पकडाले धावली. दुश्मन मीच. काय टाळ्या पडल्या!
शकुनले म्हटलं, हिरो कोणीही होते बाई, व्हिलनले अ‍ॅक्टिंग लागते. ते म्हणे, खरं आहे वैनी, पण अ‍ॅक्टिंग केव्हा केली?

१७ नोव्हेंबर
पाहुणे गेले. यंदा धान पोत्यात. कोठीले कमरेएवढं दार झालं. कोणी नव्हतं तवा आत जाऊन पूर्ण पद म्हटलं. कोणी कट म्हटलं नाही.