मैल भरपूर, सीट नाही

५ सप्टेंबर, शुक्रवार

उर्सुलाने पुन्हा वसईला जायला विमानाचं तिकीट काढलं. यंदाचं चौथं! नवरा शिपवर, सहा वर्षांची लेक जिया आजीकडे — चार दिवस सुट्टी मिळाली की ही निघते. आणि पैसे भरते बँकेच्या साध्या कार्डावर. फुकट तिकिटासाठी एक मैलसुद्धा जमा होत नाही. दोन वर्षं एका फ्लॅटमध्ये राहतोय आणि माझ्या हे आज लक्षात आलं.

तीन एअरलाइन कार्डांचा तक्ता करायला घेतलाय.

६ सप्टेंबर, शनिवार

पहिलं : फी नाही, पण दहा रियालला एक मैल. दुसरं : चार रियालला एक, वर्षाची फी सहाशे. तिसरं : फी चौदाशे, लाउंज फुकट. ती लाउंजमध्ये कधी बसणार? ड्यूटी संपवून धावतपळत विमान गाठते. तिसरं बाद. तिच्या खर्चाला दुसरं बरोबर — वर्षाला मुंबईची एक फेरी फुकट पडते.

तक्ता दाखवला. ‘संजू, नवरापण तू असाच निवडशील!’

‘हो. फी नसलेला.’

खूप हसली.

९ सप्टेंबर, मंगळवार

चूक माझी. मैलांवर सीट कोणत्या तारखांना मिळते ते तपासलंच नव्हतं! जियाचा वाढदिवस, नाताळ, मेची सुट्टी — तिला हव्या त्या एकाही दिवशी नाही. नको तेव्हा भरपूर. ड्यूटीवर हॉस्पिटलातली मशिनं अशी तपासली असती, तर मी स्वतःलाच कामावरून काढलं असतं.

तिला सांगितलं. ती भांडी घासत होती. ‘असू दे गं. परवा जिया फोनवर म्हणाली, मम्मी, येऊ नकोस. तू परत गेलीस की मला ताप येतो.’

मी बशा पुसल्या.

मग म्हटलं, तिला इथेच आण ना.

‘बघू. इन्शाल्ला.’ आणि नळ मोठा सोडला.

१० सप्टेंबर, बुधवार

कँटीनमध्ये तिच्या वॉर्डच्या ग्लोरिया सिस्टरना विचारलं, उर्सुला जियाला इथे का आणत नाही.

‘तुला बोलली नाही? आजीपण यायला तयार आहे. व्हिसासाठी लागणारा घराचा कागद चार महिने अडलाय. घरमालक म्हणतो, फ्लॅट शेअर असेल तर फॅमिलीसाठी सही देणार नाही. खलास!’

फ्लॅट शेअर. म्हणजे मी.

चार महिन्यांपासून उर्सुलाला हे माहीत आहे. या चार महिन्यांत एकही सकाळ अशी नाही, की माझा चहा झाकून ठेवलेला नव्हता.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

फरीज बिन ओमरान भागात मला एक खोली मिळाली. घरमालकाला कळवलं — एक तारखेपासून मी इथे नसेन. उर्सुला ड्यूटीवरून आली की सांगेन.

टेप घेऊन माझी खोली मोजली. जियाचा पलंग खिडकीशी लावावा. एसीचा झोत तिथे पोचत नाही.