बांधावरची फळी

४ मे १९९८

बांध फोडणार म्हणे! कशासाठी, तर ट्राउट माशांना वर जाता यावं! दोनशे वर्षं त्या लाकडी बांधानं वितळत्या बर्फाचं पाणी अडवलं. दार उघडलं की त्या लोंढ्याबरोबर ओंडके थेट मिठाच्या भट्ट्यांपर्यंत धावायचे. भट्ट्यांनी अख्खं जंगल खाल्लं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. आता माशांचा पुळका!

आणि बांधावरची बाबांच्या आठवणीची फळी? "जपू की, बाई. संग्रहालयात, काचेआड," वनखात्यातला ग्रास्बर्गर म्हणाला.

काचेआड! फळीवर स्वच्छ लिहिलंय – 'वाटसरू, इथे झाडाखाली सापडून लाकूडतोड्या योहान गेला. त्याच्यासाठी एक "आमच्या बापा" प्रार्थना म्हण.' इथे म्हणजे इथे! माणूस पडला तिथून फळी हलवायची नसते. हे काही नन्सनी शिकवावं लागत नाही.

५ मे

झोप नाही. ग्रास्बर्गरला मनातल्या मनात चार उत्तरं दिली. चारही उत्तम.

७ मे

बाबांच्या लाकूडतोड्या टोळीतला फिन्झेन्झ तेवढा उरलाय. म्हटलं, चल, त्या ग्रास्बर्गर पोराला नेमकी जागा दाखव. तर हा हसायलाच लागला!

"बांधापाशी कुठला, बुर्गी? तुझा बाप डोंगराच्या धारेपलीकडे वारला. तोडलेलं बीचचं झाड उलटं अंगावर आलं. फळी मीच ठोकली होती तिथे. वर्षभरानं तुझ्या आईनं ती उपटली आणि पाठीवर घेऊन खाली आणली. म्हणाली, 'तिथे प्रार्थना कोण म्हणणार – रानबकरे? बांधावर रोज चाळीस माणसं येतात.'"

"मला कुणी सांगितलं नाही ते!"

"तू तेव्हा नन्सकडे कॉन्व्हेंटात शिकायला होतीस. परत आलीस ती आम्हालाच शिकवायला लागलीस."

मेला थेरडा.

८ मे

धार चढले. गुडघे बोंबलतायत. पलीकडचं पाणी दुसऱ्याच नदीला जातं – ना वाट, ना माणूस. खळग्यांत अजून मळका बर्फ. एक 'आमच्या बापा' म्हटलं. उतरताना बांधापाशी बसले, चांगली दुपारभर.

तिथेही कुणी फिरकलं नाही.

११ मे

ग्रास्बर्गरला सांगितलं – फोडा बांध. पण संग्रहालय नाही. फळी गावातल्या बसथांब्यावर ठोकायची, माणसं बसतात त्या बाकासमोर.

"पण बाई, तिथे त्यांचं काहीच झालं नव्हतं!"

"तिथे बस उशिरा येते," मी म्हटलं.