खाली पाडलेला खटका

माय, आत्ताच फैजपूरहून आलोय आणि हातपाय न धुताच टेबलाशी बसलोय. माझं काम तुला कधी धड सांगता आलं नाही. "रेडिओ दुरुस्त करस," एवढंच तू शेजारणींना सांगायचीस, आणि मीही ते खोडून काढायच्या भानगडीत पडलो नाही. आता मेहरूणला भाड्याच्या खोल्यांत आमचा छोटा कारखाना आहे, मी आणि एक भागीदार. केळी पिकवायच्या बंद खोल्या असतात, तिथे गॅस सोडून आणि गारवा राखून माल हळूहळू पिवळा करतात. आज कितवा दिवस आणि कितपत गारवा हवा, हे लक्षात ठेवणारी एक डबी आम्ही बनवतो. या डब्या मधेच सगळं विसरायला लागल्या होत्या. फैजपूरचे नाना हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते शांतपणे म्हणाले होते, "भाऊ, अजून एकदा माल बिघडला, की तुमच्या सगळ्या डब्या तुमच्याच गाडीत भरून देईन." तसं झालं असतं तर कारखान्याला कुलूपच लागलं असतं.

नाना काही चुकीचं करत नव्हते. खोलीत खाली पाणी असतं, म्हणून आत शिरण्याआधी ते बाहेरचा मेन स्विच पाडतात. डबी नेमकी मेमरीत काही लिहीत असताना वीज गेली, की अर्धं जुनं आणि अर्धं नवं राहायचं, आणि वीज आल्यावर डबी पिकत आलेल्या मालाला पहिल्या दिवसाचा समजून चालू व्हायची. भागीदारानं त्यावर स्टिकर छापून आणला : मेन बंद करण्याआधी हिरवं बटण दाबा. नानांनी चष्मा लावून तो वाचला, छान आहे म्हणाले, आणि सवयीनं मेन पाडला. परतताना भागीदार गाडीत धुसफुसत होता. "लोकांना शिस्तच नाही." मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण मला तू दिसत होतीस.

नरडाण्याजवळचं आपलं घर. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, भाव चढेल म्हणून ठेवलेला, आणि आपण त्याच ढिगाच्या कडेला अंग खाजवत झोपायचो. धुळ्याच्या कॉलेजातून मागून आणलेल्या कॉम्प्युटरवर मी प्रोजेक्ट टाइप करतोय. बाहेर लग्नाला न्यायला जीप उभी आहे. नवं लुगडं नेसलेली तू स्टुलावर चढतेस आणि मेनचा खटका पाडतेस. पडदा काळा होतो, सकाळपासूनचं काम जातं, आणि मी घर डोक्यावर घेतो. तू स्टुलावरूनच विचारतेस, "खटका पाडताच मरी जास, ते कसानं मशीन?" मग खाली उतरून, आवाज उतरवून म्हणतेस, "घरमा कापूस शे. बठ्ठं बंद कर, मंग निंघ." घरात कापूस असला की सगळं बंद करूनच निघायचं, हा तुझा नियम. तुझ्या माहेरचं घर बोर्डातल्या ठिणगीनं कापसासकट जळालं होतं, हे मला फार नंतर मामांकडून कळलं. तू हुशारीनं बोलली नव्हतीस, तू घाबरली होतीस. मला त्या दिवशी फक्त राग आला होता.

तर या वेळी मी ठरवलं की स्टिकर काढायचा आणि डबीची लिहायची पद्धतच बदलायची. मेमरीत काय कुठे ठेवलंय ते सांभाळणाऱ्या व्यवस्थेला आम्ही फाइल सिस्टिम म्हणतो. जुनीचं सुख असं, की कार्ड काढून कुठल्याही लॅपटॉपला लावलं की वाचता येतं. नवीत डबीलाच वायर जोडून वाचावं लागतं, म्हणून भागीदाराला जुनीच हवी होती. "वायर जोडून कोण बसणार? गिऱ्हाईक पळेल," तो म्हणत राहिला, आणि त्याचंही खोटं नव्हतं. मी निवडलेली व्यवस्था नवीन मजकूर आधी दुसरीकडे पूर्ण लिहिते आणि मगच जुना सोडते. नवं दही लागेपर्यंत तू जुन्या विरजणाची वाटी विसळायची नाहीस, तसंच. मग कितीतरी दिवस मी टेबलाशी बसून डबीची पिन उपटत होतो आणि पुन्हा लावत होतो. मनगट भरून आलं, डोळे चुरचुरले. या वयात हे काम झेपत नाही गं आता.

आज फैजपूरला नवी डबी लावली. नाना दार उघडायला निघाले आणि मी काही बोलायच्या आत त्यांचा हात मेनवर गेला. डबीचा लिहिण्याचा लाल दिवा तेव्हा चालू होता. भागीदारानं माझा दंड घट्ट धरला. नाना आत जाऊन आले, पाय पुसले, मेन वर केला. डबीनं तोच दिवस दाखवला, तोच गारवा. "राहू द्या मग," नाना म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला. भागीदार हसत सुटला. मला आनंद व्हायला हवा होता, पण नुसतं कुठेतरी आडवं व्हावंसं वाटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. धुळ्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा तुला धाप लागली होती, तरी तू कुणाचं ऐकलं नाहीस. मी स्टूल धरलं, तू चढलीस आणि खटका पाडलास. तू परत आली नाहीस. मी अधूनमधून त्या घरी जातो, उजेडात झाडझूड करतो आणि अंधारायच्या आत निघतो. घरात दिवा का लावत नाही, असं गल्लीतले विचारतात, तेव्हा वायरिंग खराब झालंय म्हणून सांगतो. वायरिंग चांगलं आहे, माय. तो खटका वर करायला माझा हात जात नाही.