कमिशनर आर्डिस ट्वेट यांस

६ मार्च, सोमवार
ड्वेन जूनमध्ये निवृत्त होतोय. आज सकाळी त्यानेच सांगितलं, माझ्या टेबलाच्या कडेवर बसून, मी आणलेली रूबार्बची वडी खात. म्हणाला, "बास झालं आर्डिस. आता टोमॅटो लावणार." मी विचारलं, मग कमिशनर कोण? तो हसला. "अगं, ही कॉन्फरन्स म्हणजे तूच. मी नुसता टाय बांधून बसतो."
बावीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला.
बाहेर अजून गुडघाभर बर्फ आहे. टोमॅटो कुठे लावणार, हे विचारायचं राहिलं.

८ मार्च, बुधवार
बहिणीचा फोन. मर्ना दर वर्षी तोच विनोद करते. "बावीस वर्षं झाली, तुमची ती कॉन्फरन्स अजून संपली नाही का?" पुन्हा समजावलं, ही सभा नव्हे, कॉलेजांच्या खेळांचा संघ आहे. आठ कॉलेजं, एकोणीस खेळ. कोण कोणाशी कधी खेळणार, बरोबरी झाली तर काय, वादळ आलं तर काय, हे सगळं ठरतं ते आमच्या ऑफिसात, दातांच्या डॉक्टरच्या वरच्या दोन खोल्यांत. आत्ता मी असिस्टंट कमिशनर आहे, जूनपासून कमिशनर.
"त्यांनी तुला विचारलंय का?" म्हणे.
मर्नाला संस्थांचं कामकाज कळत नाही.

२१ मार्च, मंगळवार
एक अडचण. नियमानुसार कमिशनरला पदवी लागते. आठ कॉलेजांचं वेळापत्रक मी लावते, पण एकाही कॉलेजात मी शिकले नाही. ड्वेनला म्हटलं. तो म्हणाला, "पदवीचं मी बघून घेतो. तू वाचलंयस तेवढं त्या आठ अध्यक्षांनी मिळूनही वाचलं नसेल."
हे खरं आहे. सध्या लायब्ररीतून रोमचा जाड इतिहास आणलाय. एक सम्राट गादी सोडून कोबी लावायला गेला, तिथपर्यंत आले. ड्वेनला सांगायला हवं, टोमॅटोपेक्षा कोबी बरा.

४ एप्रिल, मंगळवार
विलो क्रीक कॉलेजच्या अध्यक्षा डॉ. कॅम्प यांचा फोन. थेट मला! ड्वेनला नाही. विचारत होत्या, "आर्डिस, ते नियमावलीतलं कलम अकरा नेमकं काय म्हणतं हो?"
मी न बघता सांगितलं. ज्या कॉलेजला कॉन्फरन्स सोडायची असेल त्याने तीस जूनला संध्याकाळी पाचच्या आत कमिशनरच्या नावाने रजिस्टर पोस्टाने कागदी पत्र द्यायचं, आणि तेवढ्या वेळेत कमिशनरने ते सही करून हातात घेतलेलं असलं पाहिजे. एक मिनिट उशीर झाला तरी आणखी दोन हंगाम खेळावं लागेल. ई-मेल चालणार नाही.
हे कलम माझं आहे. पूर्वी एका कॉलेजने ऑगस्टमध्ये ई-मेल करून पाय काढला होता. आखलेलं वेळापत्रक फाडून मी आठ दिवसांत नवं केलं, आणि मग हे कलम लिहिलं. माझा नवरा हार्लन तेव्हा म्हणाला होता, "हे कलम शिट्टीसारखं आहे, बहिऱ्यालासुद्धा ऐकू जाईल." हार्लन एकोणतीस वर्षं फुटबॉलचा पंच होता. त्याला शिट्टीतलं कळायचं.
डॉ. कॅम्प म्हणाल्या, "वा, तोंडपाठ!"
माझी तोंडी परीक्षा सुरू झालेली दिसते.

१२ एप्रिल, बुधवार
आणखी दोन कॉलेजांचे फोन. दोघांनीही कलम अकराच विचारलं. परीक्षकांनी आपसात प्रश्न वाटून घ्यायला हवे होते.

१९ एप्रिल, बुधवार
डॉ. कॅम्प पुन्हा. "अशा पत्राचा एखादा नमुना असतो का हो? उगीच, फाईलला असावा म्हणून." नव्हता. मी म्हटलं, करून देते.
दुपारभर बसले. कोरडं पत्र मला आवडत नाही. पहिलं वाक्य जमेना. शेवटी हार्लन गेला तेव्हा आभाराची कार्डं लिहिली होती, त्यातले शब्द घेतले. "जड अंतःकरणाने, पण कृतज्ञ मनाने कळवतो की". चार वर्षांपूर्वी दोनशे कार्डांवर हे हाताने लिहिलं होतं. त्यातलं एक ड्वेनला. त्याने हार्लनच्या शवपेटीला खांदा दिला होता, पुढच्या बाजूने.
नमुना आठही कॉलेजांना पाठवला. एकालाच देणं बरं दिसलं नसतं.

१६ मे, मंगळवार
विलो क्रीकला अध्यक्षांची बैठक. मला बाहेर बसवलं. साहजिक आहे, आत माझाच विषय होता. आतून हसण्याचे आवाज. दोन तासांनी ड्वेन बाहेर आला, माझे दोन्ही हात धरले. "झालं! सोळा जूनपासून तू कमिशनर. हंगामी."
हंगामी का, म्हणून विचारलं. म्हणाला, "अगं तो पदवीचा कागद सोडवायला वेळ लागतो. नुसता शब्द आहे."
मला शब्द खटकला नाही. खेळांचं सगळं हंगामावरच चालतं. हंगाम सांभाळणारी ती हंगामी.
घरी येऊन हार्लनच्या खुर्चीला सांगितलं. मग रडले थोडी. मग जेवले.

१५ जून, गुरुवार
ड्वेनचा शेवटचा दिवस. मी भाषण केलं, टोमॅटोची बारा रोपं दिली. त्याने गाडीच्या मागच्या सीटवर आडवी टाकली. मी म्हटलं, अरे, उभी ठेव. म्हणाला, "जगतात गं, ती चिवट असतात." जाताना मला मिठी मारली आणि फार वेळ सोडलं नाही. डोळे ओले होते. बावीस वर्षं काही कमी नाहीत.
टेबल स्वच्छ पुसून गेला. फक्त आठ कॉलेजांची पत्त्यांची यादी सापडत नाही. चुकून त्याच्या खोक्यात गेली असणार.

१६ जून, शुक्रवार
पहिला दिवस. संकल्प केले. खुर्चीत ताठ बसायचं. "माफ करा" ने वाक्य सुरू करायचं नाही. बरोबरी सुटत नसेल तेव्हा कमिशनरने फोनवर नाणं उडवायचं असा आमचा नियम आहे, त्यासाठी हार्लनचं पंचगिरीचं नाणं घरून आणलं. दुपारी सराव केला. एकदा कपाटामागे गेलं.
कुणाचा फोन आला नाही. नव्या माणसाला स्थिरावायला वेळ देतात.

२३ जून, शुक्रवार
पुढच्या हंगामाचं वेळापत्रक आठही कॉलेजांना पाठवून आठवडा झाला. दर वर्षी दुसऱ्या दिवशी तक्रारी येतात. या वर्षी एकही नाही. याला म्हणतात पकड.
मर्नाला सांगितलं. ती म्हणाली, "आर्डिस, तक्रार कोण करत नाही माहीत आहे? ज्याला यायचंच नसतं तो." ती केटरिंगमध्ये होती. तिला सगळीकडे लग्नच दिसतं.
ड्वेनला फोन केला. लागला नाही. बागेत असेल.

३० जून, शुक्रवार, संध्याकाळी ५.१५
आनंदाचा दिवस. घाईत लिहितेय.
दुपारी दाराची नवी पाटी आणायला गेले होते. परत आले तर दाराला पोस्टाची चिठ्ठी: सात रजिस्टर पाकिटं, सही लागेल. सात! सगळ्यांवर नाव एकच, कमिशनर आर्डिस ट्वेट. आयुष्यात पहिल्यांदा हे कुणीतरी लिहिलं.
अभिनंदनाची पत्रं रजिस्टरने पाठवतात हे मला माहीत नव्हतं, पण कॉलेजची माणसं रीतीची पक्की. तशीच गाडी काढली. खिडकीवर जोलीन होती, आमच्या भागात डाक वाटते तीच. म्हणाली, "मिसेस ट्वेट, एवढी धाप लागेपर्यंत कशाला आलात? सोमवारी ऑफिसात आणून दिली असती की!" मी म्हटलं, सोमवार कशाला, आजच दे. सात सह्या केल्या. प्रत्येक सहीखाली "कमिशनर" लिहिलं, आणि तिला विचारून वेळही घातली: चार सेहेचाळीस. जोलीन म्हणाली, "आज तुम्ही राणीसारख्या दिसताय." ऑफिसात नेलेल्या रूबार्बच्या वड्या उरल्या होत्या, त्या तिला दिल्या.
पाकिटं उघडली नाहीत. घरी आणली आहेत. कॉफी करून, हार्लनच्या खुर्चीसमोर बसून उघडणार.

तोच दिवस, ६.४०
"जड अंतःकरणाने, पण कृतज्ञ मनाने कळवतो की".
सातही पत्रांत. एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नाही.
सात कॉलेजं मिळून नवी कॉन्फरन्स काढतायत. डॉ. कॅम्प यांनी तिचं माहितीपत्रक जोडलंय, गुळगुळीत कागदावर. पहिल्याच पानावर कमिशनरचा फोटो. टाय बांधलेला. ड्वेन.
कॉफी गार झाली. पुन्हा केली नाही.

१ जुलै, शनिवार
मर्नाने फोनवर ड्वेनला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिणार नाही. मग हळूच म्हणाली, "तू काल घरी झोपून राहिली असतीस ना, तरी त्या सगळ्यांना दोन वर्षं तुझ्याकडे खेळावं लागलं असतं."
मला माहीत आहे. कलम माझं आहे.
मला एकच कळत नाही. ड्वेनने दुसरे कुठलेही शब्द घ्यायचे. सात अध्यक्षांत मिळून तेवढं लिहिण्याइतकी पदवी होती. ते शब्द हार्लनचे होते. त्यातलं एक कार्ड त्याच्या हातात मीच दिलं होतं.

३ जुलै, सोमवार
आज सकाळी जोलीनने आठवं पाकीट आणलं. सेंट हल्वार्ड कॉलेज, पत्र तेच. तीन दिवस उशीर.
पाठोपाठ त्यांच्या कोच ग्लेनचा फोन. कोच ग्लेन बावीस वर्षांत एकही कागद वेळेवर देऊ शकलेला नाही. "अगं आर्डिस, घात झाला! पाकीट गाडीच्या सीटखाली गेलं, शनिवारी मोजे शोधताना सापडलं, तसंच पोस्टात टाकलं. तारीख मागची टाक ना. तू टाकशील. तू चांगली आहेस."
मी म्हटलं, नाही.
"अगं, पण बाकी सगळे गेले! आम्ही दोन वर्षं खेळायचं कुणाशी?"
मी "माफ करा" म्हटलं नाही. सांगितलं, त्याचं वेळापत्रक दुपारपर्यंत मिळेल.

३ जुलै, दुपारी
वेळापत्रक झालं. एरवी तीन आठवडे लागतात, आज बारा मिनिटं लागली. कॉलेजांची संख्या विषम असली की दर आठवड्याला एका संघाला सुट्टी द्यावी लागते, तिला आम्ही बाय म्हणतो. एक ही संख्या विषमच. सेंट हल्वार्ड: पहिला शनिवार, बाय. दुसरा शनिवार, बाय. असे अकरा.
प्रवास नाही. वाद नाही. वादळ आलं तरी काही बिघडत नाही. दाराला पाटी लावली, सरळ बसली.
नाणं टेबलावर काढून ठेवलंय. हार्लन असता तर त्याने ते उचलून बघितलं असतं आणि विचारलं असतं, "आर्डिस, छापा की काटा हे सांगणार कोण?"