मागच्या खोलीतलं सोवळं

विजय नगर, जबलपूर
६ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. मनीषाताईंना धाकट्या जावेचा, अंजनीचा नमस्कार. वि. वि.

फोन केला की मोठे भाऊजी तो स्पीकरवर टाकतात अन् मधातच बोलतात, म्हणून चिठ्ठी लिहून राहिले. अक्षराला हसू नका. सातवीनंतर शाळेनं मला अन् मी शाळेला तोंड दाखवलं नाही.

गोष्ट वाईट आहे, बसून वाचा. तुमच्या खालच्या मजल्यावरचे भाडेकरू, बळीराम अन् त्याची बायको अमिता, भाऊबीज झाली अन् सामान टेंपोत टाकून गेले. चाबी देताना अमिता माझ्या पाया पडली. मी मूर्ख, तिला वरून ब्लाउजपीस दिला. मग आत गेले. समोरची खोली लख्ख. पडदा सरकवून मागच्या खोलीत पाय ठेवला तर फरशी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी दबली. भिंती कमरेपर्यंत काळ्या-हिरव्या. प्लास्टरला बोट लावलं की खाली. मोरीचा पाइप सडून गळाला, दाराची लोखंडी चौकट खालून खाल्लेली. कोपऱ्यात बॅटऱ्यांचे फुटके डबे.

बळीरामचं गोहलपुरात बॅटरीचं दुकान आहे हे आपल्याला माहीत होतं. पण तो जुन्या बॅटऱ्या घरी आणून फोडायचा, तेजाब, म्हणजे ते ॲसिड, तुमच्या मोरीत ओतायचा अन् आतलं शिसं तुमच्या स्वयंपाकघरात वितळवायचा, हे आत्ता कळलं.

तुम्ही म्हणाल, काहून गं, वर राहून तुला दिसलं नाही? नाही दिसलं. महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला जायची तेव्हा अमिता मला समोरच, गणपतीच्या रांगोळी घातलेल्या पाटाजवळ बसवायची. पडद्याकडं वळले की म्हणायची, काकू, आत सोवळं आहे. नळ पाहायला प्लंबर पाठवला, तेव्हाही सोवळं. वास आला तर म्हणायची आत्ताच संडास धुतला. अन् मी साऱ्या कॉलनीत मिरवत होते की बघा आमचे भाडेकरू, आपल्या वरुडकडचे, आजच्या जमान्यात सोवळं पाळतात! बारा महिने कोणाच्या घरी सोवळं असतं का, एवढं विचारायची अक्कल मला झाली नाही.

चलो, रडून झालं. मार्चमध्ये भाऊजी रिटायर होतील अन् तुम्ही इथं राहायला याल. तोवर घर उभं करते. नाही केलं तर नाव बदला माझं.

आमच्या ह्यांचा नमस्कार. फॅक्टरीतून आले की रोज एकदा खाली जातात, दबलेली फरशी पाहतात अन् वर येतात. तुमच्या मायेची सवय आहे, ती तोडू नका.

तुमची
अंजनी

*

अजनी, नागपूर
११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अंजनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बसूनच वाचलं. आधी एक सांग, ब्लाउजपीस कोणता दिलास? मी दिलेला मोरपंखी असेल तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

तीस वर्षं रेल्वेच्या क्वार्टरात काढली. भिंतीत खिळा ठोकायचा तरी यांना विचारायचं, आणि हे म्हणायचे भिंत सरकारी आहे. सासूबाईंनी तो मजला माझ्या नावावर केला तेव्हापासून मनात मी तिथे कितीतरी खिळे ठोकलेत. कुठे आरसा, कुठे तांब्यांची फळी, सगळं ठरलेलं होतं.

पण पत्र यांनी वाचलं. माझ्या आधीच वाचलं. यांचं म्हणणं, आता तिथे राहण्यात अर्थ नाही. वरून टाइल्स टाकायच्या, रंग मारायचा आणि विकून मोकळं व्हायचं. रविवारी एक जोडपं बघायला येईल. नवरा शिक्षक आहे. काम व्हायचं आहे असं सांगून त्यांना समोरची खोली तेवढी दाखव, मागचं पुढे आम्ही बघू. आणि यांनी खास लिहायला सांगितलं आहे की अंजनीला म्हणावं, जीभ जरा दाताखाली ठेव.

मी काय बोलणार? सही माझी लागेल, ती करीन. तू जिवाला त्रास करून घेऊ नकोस. अच्युतभाऊजींना आशीर्वाद. तुझी आठवण रोजच्या भाकरीसारखी आहे, तशीच माझीही असू दे.

तुझी
मनीषाताई

*

विजय नगर, जबलपूर
२२ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. मनीषाताईंना नमस्कार. वि. वि.

मोठे भाऊजी ही चिठ्ठी आधी फोडतील, तर त्यांनाही नमस्कार. ऐकून घ्या म्हणावं.

जोडपं आलं. चांगली माणसं. मी जीभ दाताखाली ठेवली होती, कसम से. पण त्या बाईनं कडेवरचं पोर खाली सोडलं अन् ते रांगत थेट पडद्याकडं निघालं. मी झडप घालून उचललं, पडदा ओढून काढला अन् सारं दाखवलं. तेजाब सांगितलं, शिसं सांगितलं, टाइल्सचं पण सांगितलं. मास्तर हात जोडून गेला. हे म्हणाले, बरोबर केलंस. लग्नानंतर दुसऱ्यांदा म्हणाले असतील.

अन् टाइल्सचं सोडा. बंडू मिस्त्रीला आणलं होतं. त्यानं पहारीनं टोचून पाहिलं अन् म्हणाला की खालची माती तेजाब प्यायली आहे, वर सोनं मढवलं तरी उखडेल. माती खोदून काढा, नवी भरा, मग फरशी. ही माती कुठंही फेकायची नाही, ती कुठं द्यायची ते तो विचारून आला.

मग मी ठरवलं, खोदायचं तर ज्यानं घाण केली त्यानं खोदायचं. गोहलपुरात बळीरामच्या दुकानाला कुलूप, म्हणून शेजारच्या दुकानदाराला पकडलं. आधी टाळाटाळ, मी त्याच्या स्टुलावर बसूनच राहिले, मग म्हणाला, तो मझौली गावात राहायला गेला. यांना रजा काढायला लावली अन् स्कूटरवर मझौली गाठली. त्यांचा नवा घरमालक तुळशीराम, धान्याचा व्यापारी, ओट्यावर बसलेला. काय म्हणावं त्यानं? म्हणे बहनजी, किराएदार भगवान ने भेजे हैं, अंदर रोज पूजा-पाठ. मला हसू आलं अन् संताप पण.

आत गेले. तोच गणपती, तीच पाटाभोवतीची रांगोळी, तसाच पडदा. अमिता मला पाहून पांढरी पडली, तरी सवयीनं तोंडातून निघालंच की काकू, आत सोवळं आहे. मी चपला न काढता आत घुसले. ताई, जन्मात असं केलं नव्हतं. आत बॅटऱ्यांची थप्पी, दोन-तीन फोडलेल्या. तुळशीरामला हाक मारून दाखवल्या. तो डोक्याला हात लावून खालीच बसला.

आतच बसलेला बळीराम काकू-काकू करत माफी मागू लागला. मी म्हटलं, माफी तुझ्यापाशी ठेव, मला तुझे हात पाहिजेत. तुळशीराम आमच्यापेक्षा कडक निघाला. म्हणाला, बॅटऱ्या आज के आज बाहेर, अन् बहनजीच्या घरची माती निघेपर्यंत इथं छप्पर मिळणार नाही.

आता दोघं गोहलपुरच्या दुकानात झोपतात, अन् बळीराम रोज येतो. बूट अन् हातमोजे घालून बंडूच्या हाताखाली खोदतो. अमिता डबा घेऊन येते. तिचे पंजे पाहिले, पांढरे चट्टे अन् नखं पिवळी. बॅटऱ्या तीच धुवायची म्हणे. माझा राग काडीभर कमी झाला नाही, पण चहा देते. हो, ब्लाउजपीस मोरपंखीच होता. भांडायचं तर इथं येऊन भांडा.

आता शेवटचं. कागदावर सही करू नका. करायचीच असेल तर इथं या, खड्ड्याच्या काठावर उभ्या राहा अन् मग करा. मी अडवणार नाही. पण नागपुरात बसून, न पाहता करू नका. मी न पाहता काय केलं ते समोर आहे.

धाकटी आहे, जास्त बोलले. रागवा, पण दूर करू नका.

तुमची
अंजनी

*

अजनी, नागपूर
२९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अंजनीस आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकते आहे. तुझंही या वेळी मीच आधी फोडलं. पोस्टमनला सांगून ठेवलं होतं, माझं टपाल माझ्या हातात द्यायचं.

मास्तर परत गेल्याचं कळल्यापासून यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. काल दुसरं गिऱ्हाईक आणलं. कसलातरी कागद टेबलावर ठेवला, पेन उघडून हातात दिलं. मी पेनाचं टोपण लावलं. म्हटलं, माझ्या घराचं काय झालं ते मी अजून पाहिलेलं नाही. हे म्हणाले त्यात पाहायचं काय, सगळं खचलंय. मी म्हटलं, मग खचलेलं पाहते.

इतकी वर्षं यांच्या पुढ्यात असं बोलले नव्हते गं. यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. जेवण मात्र व्यवस्थित केलं.

मंगळवारच्या गाडीने मी एकटी येते. स्टेशनवर येऊ नकोस, बळीरामवरची नजर काढू नकोस, मी ऑटो करीन. हे रिटायर झाल्यावर येतील. नाही आले तर त्यांच्या बॅगा मी भरून ठेवलेल्या त्यांना रोज दिसतील. दारातून निघेपर्यंत विचारत राहतील, हे मला माहीत आहे. आत्ताच दोनदा विचारून झालं की तिथे राहशील कुठे, खाली तर जमीनच उरलेली नाही. मी सांगितलं, वर अंजनीकडे राहीन, जमीन होईल तोवर.

मोरपंखी ब्लाउजपीसचं भांडण आल्यावर. लोभ आहेच. तुझ्या रागातला थोडा माझ्यासाठी बाजूला काढून ठेव, पुढे मला लागेल.

तुझी
मनीषाताई