प्रभुदासकाकांच्या गोठ्यातले रविवार

३ ऑगस्ट, रविवार
चर्च सुटल्यावर प्रभुदासकाकांनी गाठलं. म्हणाले, डॉक्टर, गाय माजावर हाय, तेवढी भरवून जा. गेलो. कृत्रिम रेतन, पाच मिनिटांचं काम. त्यांची एंजल गरम पाणी घेऊन आली. बी.एड. झालीय. मला पाहताच ओढणी नाकाला लावून लाजली. तिथेच ठरवलं, लग्न हिच्याशीच.
संकल्प : महिन्याभरात विचारायचं.
आईने आजही ताट बाहेर ओट्यावर दिलं. वर्षभर तिथेच जेवतोय. मला मोकळी हवा मानवते असं तिचं मत आहे.

२४ ऑगस्ट, रविवार
गाय उलटली, गाभ राहिला नाही. काकांचा फोन : आवो डॉक्टर, परत हंबरायला लागलीय. देवळालीत डॉक्टर काय कमी आहेत? पण बोलावलं मलाच. आणि पुन्हा रविवारी! माज एकवीस दिवसांनी येतो हे शास्त्र झालं; पण मला यात संकेत दिसतो.
हातमोजा ऐन वेळी फाटला. नंतर चहा. माझी खुर्ची सगळ्यांपासून लांब, उकिरड्याच्या बाजूला. खास पाहुण्यांची असावी. रेबेकाकाकू म्हणाल्या, डॉक्टर, साबन तिथंच हाय, आजून एकदा धुवा. किती काळजी!
एंजलची ओढणी नाकावरच. आज विचारलं नाही. गायीसमोर बरं दिसलं नसतं.
संकल्प : सेंट घ्यायचा. गरज म्हणून नव्हे, स्टाइल म्हणून.

१४ सप्टेंबर, रविवार
सेंट मारून गेलो. गाय शिंकली. एंजल आज दोन पावलं आणखी मागे. लाज वाढत चाललीय.
गाय दुसऱ्यांदा उलटलेली. काका तापले होते. या टायमाला न्हाई राहिली तर घोडेगावच्या बाजारात नेऊन इकतो, म्हणाले. म्हणजे गाय गेली की माझं त्या घरी जाणंही संपलं! आजवर इतकं मन लावून कुठलंच रेतन केलं नव्हतं.

५ ऑक्टोबर, रविवार
फोन नाही. म्हणजे गाय राहिली. डॉक्टर म्हणून आनंद झाला. बाकी रविवार फुकट गेला.
संकल्प : गाभण तपासायला जाऊ, त्याच दिवशी विचारायचं. शेवटची मुदत.

३० नोव्हेंबर, रविवार
पांढरा शर्ट घातला. चूक झाली. पण गाय गाभण! काका मिठी मारायला धावले, मग मध्येच थांबून लांबूनच हात जोडले. डॉक्टर, तुमी आता घरचेच, म्हणाले. घरचेच! मी हात पुढे केला, तर काकूंनी पेढा थेट तोंडात भरवला. जावयाला भरवतात तसा.
मी विषय काढणार तोच काका म्हणाले, अठ्ठावीस डिसेंबरला एंजलचा साखरपुडा हाय. मला न विचारता तारीख धरली, याचं जरा वाईट वाटलं. मग कळलं, मुलगा पुण्यात बँकेत आहे.
हरकत नाही. बँकवाला म्हणजे एसीतला माणूस. तिचा जीव रमायचा नाही. तिने मला एकदा कोटात पाहू दे.

२८ डिसेंबर, रविवार
कोट, सेंट, नवे बूट. मांडवात शिरतोय तोच शेजारच्या गोजरबाई आडव्या आल्या. लेकरा, म्हैस परवा व्याली, वार आजून पडली न्हाई, तू हायेसच तर बघ की. कोट काढला, बाह्या सरसावल्या. आत अडकून सडलेली वार निघाली, म्हैस वाचली. वासाने गोजरबाई स्वतः मात्र गोठ्याबाहेर पळाल्या. लोकांची नाकं नाजूक झाली आहेत. मला काही जाणवलं नाही.
चारदा हात धुऊन, उरलेला सगळा सेंट मारून, कोट चढवून मांडवात आलो. काकांनी घरचा माणूस म्हणून फोटोला उभं केलं. एंजलच्या शेजारीच! तिने पदर नाकाला लावला. अजून लाजते! आशा पालवली.
मग नवरदेवाने रुमाल काढला. मग फोटोग्राफरने. मग नवरदेवाच्या मिशाळ मामांनी, दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं.
मामा लाजत असतील असं वाटत नाही.
घरी आलो. आईने काही म्हणायच्या आत ताट उचललं आणि ओट्यावर जाऊन बसलो.